अनुभव धागा : शाळा सोडलेले शिक्षक आणि सोडण्याच्या विचारात असलेले शिक्षक

धागा उघडताना

जिल्हा परिषदेच्या कायम नोकरीतला शिक्षक सहसा राजीनामा देत नाही. उलट त्या नोकरीसाठी अभियोग्यता चाचणी देऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरील यादीकडे डोळे लावून बसलेल्यांची रांग आजही लांब आहे. त्यामुळे 'शिक्षक शाळा सोडत आहेत' असे म्हटले, की 'कुठे सोडत आहेत?' हा प्रतिप्रश्न हमखास येतो. सोडणारे बहुतेक विनाअनुदानित शाळांतले, खासगी इंग्रजी माध्यमातले आणि घड्याळी तासिकांवर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मोबदल्यावर, काम करणारे असतात, आणि त्यांच्या जाण्याची चर्चा शिक्षकांच्या खोलीबाहेर फारशी पोहोचत नाही. कायम नोकरीतले अनेक जण हजेरीपटावर राहतात खरे, पण वर्गाबाहेरच्या कामांत इतके अडकतात की त्यांच्या हातूनही वर्ग सुटलेलाच असतो. दोन्ही प्रकारचे अनुभव येथे हवे आहेत. आपण का सोडलेत किंवा का थांबलात, आणि नेमकी कोणती गोष्ट बदलली असती तर निर्णय वेगळा झाला असता, हे लिहावे. शाळा, संस्था आणि अधिकारी यांची नावे कृपया घालू नयेत.

माजी माध्यमिक शिक्षक (गणित-विज्ञान), मराठवाडा

माझी शाळा 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावरची होती. २००१ पासून शासनाने नव्या शाळांना परवानगी दिली ती याच अटीवर, म्हणजे शाळा काढा, पण अनुदान कधीही मागू नका. २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द वगळण्यात आला आणि आमच्यासारख्यांच्या घरात आशा निर्माण झाली. त्यानंतर मूल्यांकन सुरू झाले. शाळेचे मैदान, प्रयोगशाळा, पट, निकाल, सारे तपासून शाळा पात्र किंवा अपात्र ठरणार होती. पात्र ठरलेल्या शाळांना वीस टक्के अनुदान देण्याचा निर्णय व्हायला २०१६ उजाडले. वीस टक्के म्हणजे पूर्ण पगाराचा पाचवा हिस्सा. तोही थेट हातात पडत नाही. आधी पदाला मान्यता, मग वैयक्तिक मान्यता, मग शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीतला आयडी आणि त्यानंतर पगारपत्रकात नाव, असा तो प्रवास असतो. प्रत्येक टप्प्यावर फाइल थांबते आणि ती पुढे सरकवण्यासाठी काय करावे लागते, हे येथे लिहिण्याची गरज नाही.

या काळात मी दहावीचे गणित शिकवत होतो आणि घर वडिलांच्या शेतीवर चालत होते. सकाळी शेतावर, मग शाळेत, असा दिनक्रम असलेले आम्ही तिघे-चौघे होतो. संस्थेकडून मिळायची ती रक्कम सणासुदीला हातावर ठेवलेल्या खर्चीसारखी. तिला पगार म्हणणे शोभले नसते. माझ्या एका सहकाऱ्याचे लग्न 'मुलगा शिक्षक आहे' या भरवशावर ठरले आणि 'कोणत्या शाळेत?' हे विचारल्यावर मोडले. मुंबईला आझाद मैदानावर बसलेल्या आंदोलनांतही मी जाऊन आलो. तेथे निवृत्तीला टेकलेली आणि तोवर पूर्ण पगार न पाहिलेली माणसे भेटली, आणि आपण वीस वर्षांनंतर कसे दिसू हे मला समोर दिसले.

मी आता लातूरला एका खासगी क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवतो. तेथे पैसे वेळेवर मिळतात. जी मुले मला शाळेत फुकट मिळत होती, त्यांच्याच गावची मुले तेथे खोल्या भाड्याने घेऊन, वर्षाची फी भरून माझ्यासमोर बसतात, आणि ज्यांच्या घरी एवढे पैसे नाहीत ती मुले बसत नाहीत. म्हणून सुधारणेविषयी मला एकच सांगायचे आहे. शाळेला परवानगी देतानाच तिच्या शिक्षकांचा पगार कोण, केव्हापासून आणि किती देणार, हे त्याच आदेशात लिहिलेले असावे. लिहिता येत नसेल तर परवानगीच देऊ नये. परवानगी आधी आणि पगाराचा विचार नंतर, या पद्धतीने दोन पिढ्यांतले शिक्षक खर्ची पडले आहेत.

स्वेच्छानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

मी घाटमाथ्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत होते. पहिली ते पाचवी असे पाच वर्ग आणि शिकवणारे दोघे. हे नियमाला धरूनच आहे, कारण शिक्षण हक्क कायदा प्राथमिक स्तरावर साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानतो. तो हिशोब डोक्यांचा आहे, इयत्तांचा नाही. डोंगरातल्या शाळेत मुले पंचवीस असली तरी इयत्ता पाचच राहतात, आणि बहुवर्ग अध्यापन हे स्वतंत्र कौशल्य आहे, याचे भान आमच्या डी.एड.च्या अभ्यासक्रमात मला फारसे दिसले नव्हते.

तरीही दोघे असताना शाळा उत्तम चालते, असे मी खात्रीने म्हणेन. अडचण येते ती एक जण सभेला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की. मग पाचही वर्ग एकीवर. त्यात पोषण आहाराचा तांदूळ मोजून देणे, शिजलेल्या आहाराची चव घेऊन चव नोंदवहीत नोंद करणे, धान्यसाठ्याचा मेळ ठेवणे हे रोजचे. यू-डायस प्लस या पोर्टलवर शाळेची माहिती भरणे, आधार वैध करणे, नंतर मुलांचे अपार आयडी (शैक्षणिक ओळख क्रमांक) काढणे, हे हंगामी. एखाद्या मुलाच्या आधारवरचे नाव शाळेच्या दाखल्याशी जुळले नाही, तर ते मूल संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, धरले जात नाही. ते धरले नाही तर पट कमी दिसतो, आणि पट कमी झाला तर शिक्षकाचे पद जाते. म्हणजे समोर बसलेले मूल खरे की नाही, हे संगणक ठरवणार आणि त्याचा दंड शाळा भरणार. डोंगरात रेंजसाठी देवळाच्या माळावर जाऊन मी असली कामे केली आहेत आणि त्या वेळी खाली वर्गात मुले फळ्यावरचे उतारे वहीत उतरवत होती.

कायद्याचे कलम २७ सांगते, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये. तरीही जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी आम्ही मोबाइल घेऊन घरोघर फिरत होतो. प्रश्नावली लांबलचक होती आणि लोक आमच्यावरच वैतागत होते. त्या वर्षअखेरीस मी अर्ज दिला.

मला अर्ज देता आला, याचे कारणही सांगायला हवे. माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची, त्यामुळे जुनी निवृत्तिवेतन योजना मला लागू आहे. माझ्यानंतर रुजू झालेल्या सहकाऱ्याला हा मार्ग परवडणारा नाही. तो माझ्याइतकाच थकलेला आहे, पण तो सोडणार नाही आणि त्यामुळे कुणाच्या मोजदादीतही येणार नाही.

माजी शिक्षिका, खासगी इंग्रजी माध्यमाची शाळा, पुणे

माझे थोडक्यात. बँकेत जमा होणारा पगार आणि प्रत्यक्ष हाती राहणारा पगार यांत फरक होता. उरलेली रक्कम रोखीने परत द्यावी लागे. करारपत्राची प्रत कधी दिली गेली नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री अकरालाही उत्तर देणे अपेक्षित असे, आणि नव्या प्रवेशांच्या मोसमात आम्हाला सोसायट्यांमध्ये माहितीपत्रके वाटायला पाठवले गेले. तेव्हा मी ठरवले, की विक्रीचेच काम करायचे तर ते विक्रीच्या पगारात करावे. आता पाठ्यसाहित्य तयार करणाऱ्या एका कंपनीत आहे. मुले आठवतात, शाळा आठवत नाही.

मुख्याध्यापक, अनुदानित माध्यमिक शाळा, विदर्भ

सोडून जाणाऱ्यांच्या मागे शाळेत काय उरते, ते मी सांगतो. मे २०१२ पासून शिक्षक भरतीवर निर्बंध आले आणि पुढे भरती सुरू झाली तीही तुटक. आमच्या विज्ञानाच्या शिक्षिका निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर एक हुशार तरुण आला. मुलांना तो फार आवडला. २०२३ च्या तलाठी भरतीत त्याची निवड झाली आणि पुढे नियुक्तिपत्र हाती पडताच तो गेला. त्याला थांब म्हणायला माझ्याजवळ काय होते? शिक्षण सेवकांचे, म्हणजे नेमणुकीची पहिली तीन वर्षे मानधनावर असलेल्या शिक्षकांचे, प्राथमिकचे मानधन २०२३ पर्यंत महिना सहा हजार होते. आता ते सोळा हजार झाले आहे, माध्यमिकला अठरा आणि उच्च माध्यमिकला वीस. मात्र तासिकेवरच्या माणसाला ही तीन वर्षांची पायरीसुद्धा नसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचे उत्पन्न बंद.

शिपायाच्या नियमित पदांऐवजी भत्ता देण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला. निवृत्त शिपायाची जागा आता भरली जात नाही. घंटा कोण वाजवतो, असे कुणी विचारले तर सांगतो, की जो तास रिकामा असेल तो शिक्षक.

शिक्षण सेवक, गडचिरोली जिल्हा

वरच्या लेखनाविषयी आदर राखून काही वेगळे म्हणतो. २०२३ ची अभियोग्यता चाचणी देऊन मी पुढच्या वर्षी रुजू झालो. त्याआधी मी एका गोदामात हिशोब लिहीत होतो, त्यामुळे माझी तुलना तिथली आहे. शाळेत मला मान आहे. माडिया ही आदिवासी भाषा बोलणारी मुले पहिलीत येतात, त्यांना माझी मराठी कळत नाही, आणि मला त्यांच्याकडून शब्द शिकावे लागतात. हे काम मला कुठेही मिळाले नसते. मी सोडणार नाही.

परंतु या धाग्यात एक बाजू राहून जात आहे. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत असल्याचा दाखला जोडून घरभाडे भत्ता घ्यायचा आणि तालुक्याहून रोज ये-जा करायची, हेही आपल्यातलेच काही जण करतात. ऑनलाइन कामांचा बोजा खरा आहे, तसाच त्याच्या आडोशाला न शिकवणे हेही मी पाहिले आहे. गावकऱ्यांनी आपल्या बाजूने उभे राहावे असे वाटत असेल, तर आधी आपण गावात दिसले पाहिजे. गावात राहायला जागाच नसते हे मला मान्य आहे. मी समाजमंदिराच्या मागच्या खोलीत राहतो. शिक्षक निवास बांधणे ही सुधारणा भाषणांत कधी ऐकू येत नाही, पण दुर्गम भागात तीच सर्वांत आधी हवी.

निवृत्त केंद्रप्रमुख, कोल्हापूर जिल्हा

तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे योग्य आहे, तरी एक भर घालतो. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. सेवेची पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीपुरती सूट मिळाली, पदोन्नतीसाठी मिळाली नाही. परीक्षेला माझा विरोध नाही. पण ज्याला पंचवीस वर्षे माहिती भरायला लावले, त्याला पन्नाशीत बालमानसशास्त्रावर प्रश्न विचारताना मधल्या काळात आपण त्याला काय वाचायला दिले, याचाही हिशोब खात्याने मांडावा. माझ्या ओळखीतल्या काहींनी याच धास्तीने निवृत्तीची चौकशी सुरू केली आहे.

आता उपायाचे. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा पर्यवेक्षक, असताना एकच माहिती तीन वेगवेगळ्या नमुन्यांत, बहुधा 'आज सायंकाळी पाचपर्यंत' या शेऱ्यासह, माझ्यामार्फत शाळांकडे जात असे. ही माहिती आधीच पोर्टलवर असे. वरच्या कार्यालयाला ती शोधण्यापेक्षा खालून मागवणे सोपे वाटते, इतकेच त्यामागचे कारण आहे. प्रत्येक केंद्राला पूर्ण वेळ लिपिक-ऑपरेटर द्यावा, पोर्टलवर असलेली माहिती पुन्हा मागवण्यास लेखी बंदी करावी, आणि सभा शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर घ्याव्यात. यासाठी नवे धोरण लागत नाही.

स्वेच्छानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

केंद्रप्रमुख सरांना उत्तर. ऑपरेटरचा प्रयोग आमच्या केंद्रात अनौपचारिकपणे झालेला आहे. गावातला एक पदवीधर मुलगा सर्व शाळांची ऑनलाइन कामे करतो आणि काम चोख करतो, त्यामुळे माझ्या शेवटच्या वर्षी मला वर्गात बराच वेळ मिळाला. त्याचे मानधन मात्र आम्ही शिक्षक दरमहा वर्गणी काढून देत होतो, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजूनही ते तसेच दिले जाते.