आई-बाबांना योकोहामा दाखवताना

प्रेषक: त्सुकुबा येथील एक सभासद
विषय: मे महिन्यात योकोहामा, मार्गदर्शन हवे आहे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझे आई-बाबा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून आमच्याकडे येत आहेत. तोक्यो आणि निक्को आम्ही निवांतपणे दाखवणार आहोत, पण योकोहामासाठी एकच दिवस मोकळा आहे. बाबांची सारी नोकरी मुंबई बंदरात झाली असल्यामुळे समुद्र आणि बोटी पाहायला त्यांना मनापासून आवडेल. आईला कापडाची उत्तम पारख आहे. ती शुद्ध शाकाहारी असून अंडेही खात नाही, शिवाय गुडघेदुखीमुळे फार जिने चढू शकत नाही. प्रवाशांसाठीच्या बहुतेक माहितीत उंच इमारत, आकाशपाळणा आणि चायनाटाउन एवढेच सुचवलेले दिसते. तिथे राहणाऱ्या जाणकारांनी दिवसाची आखणी सुचवल्यास मी आभारी राहीन.

आपली नम्र,
त्सुकुबा


प्रेषक: योकोहामा, नाका वॉर्ड येथील सभासद
विषय: उत्तर: मे महिन्यात योकोहामा

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला. मुंबई बंदरात आयुष्य घालवलेल्या माणसाला दाखवण्याजोगे या शहरात खूप काही आहे आणि त्यातले बरेचसे उंच इमारतींपासून दूर, पाण्याच्या काठाकाठाने आहे. म्हणून माझा आग्रह असा की, २९६ मीटर उंचीचा लँडमार्क टॉवर लांबूनच पाहावा आणि दिवसाचा मोठा भाग ओसानबाशी धक्का ते यामाशिता उद्यान या पट्ट्यात घालवावा. तोक्योतील शिबुयाहून निघणारी तोयोको मार्गाची गाडी पुढे मिनातो मिराई मार्गावरून थेट मोतोमाची-चुकागाई स्थानकापर्यंत जाते, त्यामुळे तिथून पुढे गाडी बदलण्याची दगदग आईंना होणार नाही. त्या एक स्थानक अलीकडे, निहोन-ओदोरीला उतरल्या की ओसानबाशी जवळच आहे.

ओसानबाशी हा प्रवासी बोटींचा धक्का आहे. त्याचे २००२ साली पूर्ण झालेले आजचे छत लाकडी फळ्यांचे असून लाटांसारखे चढत-उतरत जाते. त्यावर सर्वांना फुकट फिरता येते, जिन्यांऐवजी उतार आहेत आणि मध्ये मध्ये हिरवळीचे तुकडे आहेत. एखादी मोठी बोट लागलेली असेल, तर तिचे दोरखंड, शिडी आणि मालाची चढउतार बाबांना अगदी जवळून पाहता येईल. इथेच उभे राहून शहराकडे पाहिले की तीन जुने मनोरे दिसतात : १९२८ सालचे प्रांतिक कचेरीचे 'किंग', १९३४ सालचे कस्टम हाउसचे 'क्वीन' आणि १९१७ सालच्या बंदर-स्मृती सभागृहाचे 'जॅक'. ही नावे खलाशांनी ठेवली असे सांगतात.

तिथून चालत यामाशिता उद्यानात यावे. १९२३ च्या महाभूकंपात उद्ध्वस्त झालेल्या शहराचा मलबा समुद्रात टाकून ही जमीन तयार केली गेली आणि १९३० साली उद्यान खुले झाले. मे महिन्यात इथले गुलाब बहरात असतात. पण तुम्ही गुलाबांच्याही आधी, उद्यानाच्या ओसानबाशीकडच्या बाजूला असलेली घुमटाची छोटी वास्तू आई-बाबांना दाखवा. ती आपल्या लोकांनी बांधलेली पाणपोई आहे. भूकंपात योकोहामातील भारतीय व्यापाऱ्यांची घरे आणि दुकाने गेली, काही जणांचे प्राणही गेले. जे वाचले त्यांना शहरवासीयांनी आधार दिला. त्या उपकारांची आठवण म्हणून आणि गेलेल्यांच्या स्मृतीसाठी इथल्या भारतीय समाजाने १९३९ साली ती शहराला अर्पण केली. आत उभे राहून मान वर करून पाहावे, कारण घुमटाच्या आतल्या बाजूला रंगीत तुकड्यांचे जे नक्षीकाम आहे, ते बाहेरून चालत जाणाऱ्याला दिसतच नाही. इतक्या देखण्या ठिकाणाजवळून आपली मंडळी छायाचित्र न काढता पुढे जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

उद्यानाच्या काठालाच 'हिकावा मारू' ही १९३० सालची बोट कायमची नांगरलेली आहे. ती योकोहामातच बांधली गेली, सिएटलच्या फेऱ्या करत असे, युद्धकाळात रुग्णालय झाली आणि १९६० साली निवृत्त झाली. पहिल्या वर्गाचे भोजनगृह आणि यंत्रांची खोली दोन्ही पाहता येतात. जिने मात्र अरुंद आणि उभे आहेत, तेव्हा बाबांना आत पाठवून आईंनी बाहेर बाकावर बसावे हे उत्तम. ही ज्या निप्पोन युसेन कंपनीची बोट, तिने आपली पहिली दूरच्या पल्ल्याची नियमित वाहतूक १८९३ साली सुरू केली ती मुंबईसाठीच. जमशेटजी टाटा यांनी तिच्याशी बोलणी करून मुंबईचा कापूस स्वस्त भाड्याने जपानला, कोबे बंदरात, पोहोचवण्याची व्यवस्था केली होती. त्याच वर्षी मुंबईहून निघालेले स्वामी विवेकानंद शिकागोच्या धर्मपरिषदेसाठी जाताना जुलैमध्ये योकोहामाहूनच 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या बोटीत चढले, आणि जमशेटजी त्यांचे सहप्रवासी होते. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून भगिनी-नगरे आहेत, हेही बाबांना आवर्जून सांगा.

आईंसाठी मी रेशीम संग्रहालय सुचवेन. ते ओसानबाशीच्या तोंडाशीच आहे. १८५९ साली बंदर परकीयांना खुले झाल्यावर हे शहर वाढले ते कच्च्या रेशमाच्या निर्यातीवर, आणि आपले सिंधी व्यापारीही रेशमी कापडाच्या धंद्यासाठीच इथे आले. कोशापासून धागा कसा निघतो हे तिथे पाहायला मिळते. पैठणी हातात घेऊन पदर उलटून पाहणाऱ्या बाईला ते सारे न सांगता कळेल. खरेदीसाठी मोतोमाचीच्या रस्त्यावर योकोहामाचे छापील रेशमी रुमाल पाहावेत. त्यांच्या कडा हाताने गुंडाळून शिवलेल्या आहेत का, हे बोट फिरवून तपासावे.

सोमवार टाळावा, कारण बोट आणि संग्रहालय दोन्ही सहसा त्या दिवशी बंद असतात.

आपली,
नाका वॉर्ड


प्रेषक: निशी-कासाई येथील सभासद
विषय: उत्तर: मे महिन्यात योकोहामा

नमस्कार मंडळी.

नाका वॉर्डच्या ताईंनी सारे सुरेख सांगितले आहे. मी फक्त जेवणाबद्दल लिहितो, कारण आमच्या सासूबाईही तुमच्या आईंसारख्याच काटेकोर आहेत.

चायनाटाउनमध्ये फेरफटका जरूर मारावा, तिथली रंगीबेरंगी कमान आणि देऊळ पाहण्यासारखे आहे, पण शाकाहारी माणसाला तिथे जेवायला नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. भाजी म्हणून समोर येणाऱ्या पदार्थातही डुकराची चरबी, कोंबडीचे पाणी किंवा कालवांचा सॉस असतो. तिळाचे गोड लाडूसुद्धा कोणत्या तेलात तळले आहेत ते विचारूनच घ्यावेत. जपानी उपाहारगृहातील साध्या सोबाच्या (बकव्हीटच्या शेवयांच्या) रश्शातही सुक्या मासळीचा अर्क असतो. तेव्हा आईंचा डबा घरूनच न्यावा, थेपले, दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, आणि उद्यानातल्या बाकावर समुद्राकडे तोंड करून जेवावे. आपला कचरा मात्र परत घरी आणावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. बाशामिची रस्त्यावर १८६९ साली जपानमधले पहिले आइस्क्रीम विकले गेले. तिथे जुन्या पद्धतीचे आइस्क्रीम मिळते, पण त्यात अंडे असते, म्हणून तेही बाबांपुरतेच.

बाबा सर्व खात असतील, तर त्यांना कियोकेन या कंपनीचे शूमाई द्यावेत. डुकराचे मांस आणि सुकी शिंपली घातलेले हे छोटे वाफवलेले गोळे १९२८ पासून विकले जातात आणि थंड झाले तरी चांगले लागतात.

एक व्यवहाराची गोष्ट : खरेदीच्या दिवशी आई-बाबांचे मूळ पासपोर्ट सोबत असू द्यावेत. ते पर्यटक असल्यामुळे करमाफीची सवलत त्यांना मिळते. आपल्याला, इथल्या रहिवाशांना, ती मिळत नाही, म्हणून पैसे त्यांनी स्वतः द्यावेत.

आपला,
निशी-कासाई


प्रेषक: त्सुकुबा येथील सभासद
विषय: उत्तर: उत्तर: मे महिन्यात योकोहामा

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मंगळवार ठरवला आहे. बाबांना फोनवर कापसाच्या बोटींची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी लगेच विचारले की बोटीची यंत्रांची खोली पाहायला किती वेळ मिळेल. त्यामुळे दुपारचे दोन तास तिथेच राखून ठेवले आहेत. एक शंका राहिली आहे : रवींद्रनाथ १९१६ साली ज्या सान्केइएन बागेत राहिले होते, तीही त्याच दिवशी उरकता येईल का?


प्रेषक: योकोहामा, नाका वॉर्ड येथील सभासद
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: मे महिन्यात योकोहामा

उरकू नये. रेशमाचे व्यापारी हारा तोमितारो यांनी १९०६ साली लोकांसाठी खुली केलेली ती बाग मोठी आहे, वाटा चढउताराच्या आहेत आणि तिथे बसने जावे लागते. आई-बाबांच्या मुक्कामात आणखी एखादी सकाळ मोकळी झाली, तर मला कळवा. मी बसच्या थांब्यावर येऊन उभी राहीन आणि आईंसाठी अंडे नसलेला शिरा करून आणीन.