मदत हवी आहे : नर्सिंगच्या मुलींच्या तोंडचं 'मेंटल केस' कसं घालवू?

मिरजेत जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला मेंटल हेल्थ नर्सिंग शिकवते. मुली हुशार आहेत. स्किझोफ्रेनियाची लक्षणं, २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, सगळं पाठ. पण मानसोपचार वॉर्डातल्या पोस्टिंगची यादी लागली की, "मॅडम, मारणार नाहीत ना?"

मध्ये मेडिकल वॉर्डात एका बाईंच्या छातीत दुखायला लागलं. जुनी मानसिक आजाराची फाइल होती. "ती मेंटल केस आहे, नेहमीचंच तिचं," म्हणून ईसीजी काढायला उशीर झाला. म्हणणारी माझीच विद्यार्थिनी, आणि तिला हे शिकवणारे वॉर्डातले सीनियर.

त्याच वर्गातली एक मुलगी गेलं वर्षभर नैराश्याच्या गोळ्या घेतेय. सांगली-मिरजेत कुणी ओळखेल म्हणून एसटीनं कोल्हापूरला जाते, गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ठेवते. हे फक्त मला माहीत आहे.

गेल्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, पोस्टर स्पर्धा घेतली. पहिलं बक्षीस साखळदंडातल्या, केस पिंजारलेल्या माणसाच्या चित्राला. परीक्षक मीच होते!

यंदा भाषण नको. आजारातून सावरलेल्या कुणाला तरी वर्गात बोलवायचंय, पण त्यांचं प्रदर्शन व्हायला नको आणि त्या मुलीकडे कुणाची नजर जायला नको. कुणी केलंय का असं?

प्रतिसाद (सातारा) :
ताई, माझा भाऊ शुभार्थी (मानसिक आजार असलेला) आहे, दोनदा असा बोललाय. हॉल नको, पंधरा-वीस मुली गोलात बसवा. पोस्टिंग झाल्यावरच बोलवा. वॉर्डात त्यांना फक्त आजार उफाळलेली माणसं दिसतात, बरी झालेली तिथं कशाला येतील? भाऊ आधी आपल्या झेरॉक्सच्या दुकानाबद्दल बोलला, आजार नंतर आला. काय सांगायचं, कुठं थांबायचं ते त्यालाच ठरवू दिलं. प्रश्न चिठ्ठीवर, बिननावाचे. आणि इतर पाहुण्यांना देता तेवढंच मानधन द्या, 'हिंमत दाखवली' म्हणून शाल-श्रीफळ नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सगळ्यांनाच लिहून द्या, म्हणजे त्या मुलीलाही वेगळं काढून द्यावा लागणार नाही.

धागाकर्ती :
दादा, आभार. शालीची ऑर्डर खरंच देणार होते. चिठ्ठ्यांचं एकच अडतंय, मी सगळ्यांचं अक्षर ओळखते. तुमच्याकडे चिठ्ठ्या कुणी वाचल्या होत्या?