लाओसमध्ये बिल मागताना: तुमचे अनुभव सांगा

डिसेंबर २०२१ मध्ये चीन सीमा ते राजधानी व्हिएंतियान रेल्वे सुरू झाली आणि वांग वियेंग, लुआंग प्राबांग एकाच सहलीत उरकणं सोपं झालं. लाओसमध्ये काय पाहावं यावर भरपूर लिहून झालंय. जेवून झाल्यावर पैसे कसे द्यायचे, काय बोलायचं, यावर मात्र फारसं सापडत नाही. जाऊन आलेल्यांनी लिहा.

* * *

पहिली गोष्ट, बिल आपणहून येत नाही. ताटं उचलली तरी येत नाही. तुम्हाला उठवणं त्यांना बरं वाटत नाही, म्हणून मागावंच लागतं. 'लै ङन दॅ' म्हणजे पैशांचा हिशेब करा जरा. शेवटचा 'दॅ' विसरू नका, विनंती त्यातच आहे. 'सेक बिन' म्हटलं तरी कळतं. ते 'चेक' आणि 'बिल'च आहे. टाळ्या-चुटक्या, 'हॅलो बॉस' असलं काही नको. हात किंचित वर, तळवा खाली, बोटं आपल्याकडे.

* * *

वरच्यात भर. हाक मारताना नातं लावायचं. वाढणारी पोरं लहान असली तर 'नॉङ', मोठ्या बाईला 'उअय', मोठ्या पुरुषाला 'आय'. (हो, आय. हसू आवरा.) 'उअय, लै ङन दॅ' म्हटल्यावर व्हिएंतियानच्या नूडलवाल्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. नंतरचं सगळं लाओत धडाधड सुटलं आणि मला ओ का ठो कळेना, तो भाग वेगळा.

* * *

आकडे शिकून जा, बाकी व्याकरण राहू दे. कीप म्हणजे तिथलं चलन. साधं जेवणही आधीपासूनच हजारांत मोजतात, त्यात २०२२-२३ मध्ये कीपची किंमत फार घसरली. हल्ली एका रुपयाला साधारण अडीचशे कीप धरा. 'थाओ दै?' म्हणजे किती? उत्तर येतं 'साम सिप फन', म्हणजे तीस हजार, आपले सव्वाशेच्या आसपास. वीसला मात्र 'सोङ सिप' नाही, 'साओ' म्हणतात. पुष्कळदा 'फन' गाळून नुसतं 'साओ हा' म्हणतात, ते पंचवीस हजार. लाखाला 'सॅन'. लाखासाठी स्वतंत्र शब्द असल्यामुळे आपल्याला हा हिशेब गोऱ्या पर्यटकांपेक्षा पटकन जमतो.

नोटा देताना शून्यं मोजा. दोन हजारांपासून लाखापर्यंत सगळ्यांवर लाओसचे क्रांतिकारी नेते कायसोन फोमविहान यांचंच चित्र आहे, चेहऱ्यावरून ओळखायला जाल तर फसाल. नाणी चलनात नाहीत. लाखाची नोट सकाळी सकाळी खाओ पियाकच्या (नूडल सूपच्या) गाडीवर काढू नका, सुट्ट्यासाठी त्या बिचाऱ्या शेजारच्या दुकानात पळतात.

* * *

टिप? रीत नाही. पर्यटकांच्या हॉटेलांत ठेवली तर घेतात, छोट्या ठिकाणी उरलेले सुटे सोडले तरी पुरे. एकदा तर 'तुमचे पैसे राहिले' म्हणत मुलगा रस्त्यापर्यंत मागे आला.

* * *

नवऱ्याच्या नोकरीमुळे काही काळ व्हिएंतियानला होते. स्थानिक लोकांबरोबर जेवायला गेलात तर डोकी मोजून वाटणी करू नका. ज्याने बोलावलं तो देतो, नाहीतर वयाने किंवा हुद्द्याने मोठा असलेला. आपण फार तर एकदा आग्रह करायचा आणि पुढच्या वेळी आपण बोलवायचं. नोट उजव्या हाताने द्यायची, डावा हात उजव्या कोपराला लावून. बियरलाओच्या रिकाम्या बाटल्या टेबलाजवळच ठेवतात, शेवटी त्या मोजूनच बिल होतं, तेव्हा मध्येच हलवू नका.

आता भाजीच्या गाडीवरही क्यूआर दिसतो, पण तो मुख्यतः स्थानिक बँकखात्यांसाठी. तुम्ही रोख कीप ठेवा. थाई बाट किंवा डॉलर काही ठिकाणी घेतात, पण दर ते ठरवतील तो. उरलेले कीप देश सोडण्याआधी संपवा, बाहेर ते सहसा कोणी बदलून देत नाही.

* * *

अवांतर: शाकाहारींनी 'बॉ सै सीन' (मांस घालू नका) म्हणून थांबू नये. 'बॉ सै नाम पा, बॉ सै पादॅक' (फिश सॉस नको, आंबवलेल्या माशाचं पादॅक नको) हेही म्हणावं, नाहीतर पपईच्या कोशिंबिरीत मासा असतोच.

आणि निघताना 'सॅप लाय', फार चविष्ट. हा 'लाय' म्हणजे आमच्या कोल्हापूरचं 'लई', त्यामुळे पाठ करावा लागला नाही.