पावसावर सगळं खापर नको

पाऊस कमी झाला म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या विहिरी आटल्या, असं म्हणतात; हे मला अर्धंच पटतं. आमच्याकडे चांगल्या पावसाच्या वर्षीही उन्हाळ्यात मोटार आणखी खाली सोडावी लागते, त्याचं काय? सुकी, मोर या नद्या सातपुड्यातून खाली उतरतात तिथे पायथ्याशी गोट्या-वाळूचा जाड पट्टा आहे. बोअर मारताना नदीतल्यासारखे गुळगुळीत गोटे वर येतात. डोंगरातलं पाणी याच पट्ट्यात मुरतं. आपण केळीसाठी वर्षभर उपसा चालवला, ठिबक आलं तर वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लावली.

एका गोष्टीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. तापीकाठच्या गाळात वाळूच्या मधेमधे चिकणमातीचे थर असतात. अशा जमिनीतून पाणी बेसुमार उपसलं की वरच्या भाराने चिकणमाती दबते, आणि एकदा दबली की पुढे कितीही पाऊस पडो, पूर्वीइतकं पाणी तिच्यात मावत नाही. नुसती टाकी रिकामी होत नाही, टाकीच लहान होते. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकिन खोऱ्यात अशाच उपशाने १९२५ ते १९७७ या काळात जमीन एके ठिकाणी ८ मीटरहून जास्त खचली. त्यामुळे ‘पुनर्भरण केलं, म्हणजे पाणी पुन्हा जमिनीत मुरवलं, की सगळं पूर्ववत’ यावर माझा विश्वास नाही. आधी उपसा आवरायला हवा. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठी फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी मिळून वापरायच्या जुन्या पद्धतीत, कोणत्या फडात (शेतांच्या गटात) कोणतं पीक घ्यायचं हे शेतकरी मिळून ठरवत आले. मग केळीचं क्षेत्र आपण गावात बसून का ठरवू नये?