त्रयस्थ मैदानावरचा पराभवही तितकाच लागतो

"फायनल त्रयस्थ मैदानावर असते, तिथं हरलं तर परक्या गावी हरल्यासारखं वाटत नाही" असं फुटबॉलबद्दल कुणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. (त्रयस्थ म्हणजे दोन्ही संघांपैकी कुणाचंच घरचं नसलेलं मैदान.) १७ मार्च २०१९ ला अंधेरीच्या स्टेडियममध्ये आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची, फायनल होती, एफसी गोवा विरुद्ध बंगळुरू. आम्ही डिचोलीहून रात्रीच्या बसने गेलो होतो. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेच्या पूर्वार्धाच्या शेवटी आमच्या गोव्याच्या अहमद जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि आपण दहा खेळाडूंवर आलो. आता पेनल्टीपर्यंत रेटायचं, एवढंच डोक्यात होतं. ११७ व्या मिनिटाला बंगळुरूच्या देल्गादोचा कॉर्नर आला आणि राहुल भेकेने हेडरने गोल मारला. भेके मूळचा मुंबईचा पोरगा! म्हणजे मैदान कागदावर त्रयस्थ, पण गोल करणारा स्वतःच्याच शहरात खेळत होता. माझा अकरा वर्षांचा भाचा शेजारी उभा होता. गालावरचा नारिंगी रंग घामाने आणि डोळ्यांतल्या पाण्याने ओघळून पार जर्सीच्या कॉलरवर उतरला होता. परतीच्या बसमध्ये सावंतवाडी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. महिनाही उलटला नव्हता, १३ एप्रिलला भुवनेश्वरमध्ये गोव्याच्या याच संघाने चेन्नईयनला २-१ ने हरवून सुपर कप जिंकला. क्लबची ती पहिली ट्रॉफी. आम्ही ती घरी टीव्हीवर पाहिली, भाच्याने तीच न धुतलेली जर्सी घातली होती.