मदत हवी आहे: शाळेच्या समुपदेशकांकडून नेमकं काय लिहून मागायचं?
मुलगा सातवीत, एसएससी बोर्ड, सेमी-इंग्रजी, पुणे. तोंडी विचारलं की धडाधड सांगतो, पेपरात मात्र निम्मी उत्तरं कोरी. 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म', फळ्यावरून उतरवताना मधली ओळच गायब. डोळे-कान तपासले, ठीक आहेत. क्लास लावून पाहिला, रडारड तेवढी वाढली.

शाळेत समुपदेशक ताई आठवड्यातून दोनदाच येतात. त्याच्याशी तीनदा बोलून त्यांनी अध्ययन अक्षमतेची शंका सांगितली. सरकारी रुग्णालयातली तपासणीची तारीख दोन महिन्यांनंतरची आहे. बोर्डाच्या सवलतींसाठी (जादा वेळ, लेखनिक वगैरे) तिथलंच प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे खासगी रिपोर्ट कृपया सुचवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता येते, तेही शाळेत सांगून झालं. वर्गशिक्षिका म्हणतात, "कागद आणा, मग बघू." बाई वाईट नाहीत, पण वर्गात ६० मुलं.

दहावी लांब आहे, माझा प्रश्न आत्ताच्या सहामाहीचा. प्रमाणपत्र येईपर्यंत नुसत्या ताईंच्या लेखी शिफारशीवर कुणाच्या शाळेने घटक चाचणीत किंवा सहामाहीत जादा वेळ, तोंडी उत्तरं दिली आहेत का? अर्जात काय लिहिलंत, आणि थेट मुख्याध्यापकांकडे गेलात की ताईंमार्फत?