कक्षासन म्हणजे नेमकं काय? बाक की पाठ?

दगडवेडा: जुन्या देवळांवर वाचताना हा शब्द सारखा येतोय आणि दर वेळी अर्थ वेगळाच वाटतोय. एका लेखात होतं 'मुखमंडपात दोन्ही बाजूंना कक्षासने असून त्यांवर वामनस्तंभ उभे आहेत' (मुखमंडप म्हणजे दारापुढचा मंडप, वामनस्तंभ म्हणजे आखूड खांब), दुसरीकडे लिहिलंय 'कक्षासनाच्या बाहेरच्या बाजूवर मिथुनशिल्पे आहेत', म्हणजे जोडप्यांची शिल्पं. आधी मला वाटायचं कक्षात असतं ते आसन, पण हे तर उघड्या मंडपात दिसतं. कोणी नीट सांगेल का?

सूत्रधार_नाना: खजुराहोचा फोटो काढ, लक्ष्मण मंदिर (954 चं) किंवा कंदरिया महादेव, आणि बाजूने बाहेर आलेले सज्जे बघ. सज्ज्याच्या काठाला बाहेरच्या अंगाला झुकलेली दगडी फळी दिसेल, आत बसलेल्या माणसाला टेकायला. ती पाठ म्हणजे कक्षासन. पश्चिम भारतातल्या शिल्पग्रंथांच्या परिभाषेत खालून वर असा क्रम येतो, राजसेनक (तळाचा थर), वेदिका (त्यावरची उभी अर्धी भिंत), आसनपट्ट, मग कक्षासन. यातला आसनपट्ट म्हणजे बसायची सपाट शिळा. म्हणजे बाकाला वेगळं नाव आहेच की, आणि नावात 'आसन' असलं तरी कक्षासनावर बसत नाहीत, त्याला टेकतात 😄

ओवरी: नाना बरोबर, पण मराठीत सरसकट असं वापरत नाहीत हेही सांगा ना. आपल्याकडे बरेच लेखक मुखमंडपातल्या अख्ख्या बैठकीलाच कक्षासन म्हणतात, पाठ असो नसो. सिन्नरच्या गोंदेश्वराचं वर्णन वाचा, किंवा कुठल्याही यादवकालीन देवळाचं, तिथे वामनभिंत (अर्ध्या उंचीची भिंत) आणि तिच्या आत बसायला बाक असा प्रकार असतो आणि त्याला बिनधास्त कक्षासन लिहिलेलं असतं. मला यात फार काही गैर वाटत नाही, वाचणाऱ्याला बसायची जागा समजते.

सूत्रधार_नाना: गैर नाही पण घोळ होतो ना. दगडवेडाचं पहिलं वाक्यच घ्या, कक्षासनांवर वामनस्तंभ. तिरक्या फळीवर छताचा भार पेलणारा खांब कसा उभा राहील? ते आखूड खांब आसनपट्टावर उभे असतात आणि तिरकी पाठ त्यांच्या बाहेरच्या बाजूने, खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाते. म्हणजे त्या लेखकाला बाकच म्हणायचंय. दुसरं वाक्य मिथुनशिल्पांचं, तिथे मात्र पाठच, कारण प्रदक्षिणेला जाणाऱ्याला खालून तिचीच बाहेरची बाजू दिसते आणि शिल्पकार अशी मोक्याची जागा कोरी कशाला सोडेल.

दगडवेडा: अरे वा, हे खांबांचं लॉजिक आवडलं, आता कुठलंही वर्णन वाचताना आधी वर काय ठेवलंय ते बघणार. पण मग भिंत पूर्ण न बांधता हा एवढा उद्योग का?

ओवरी: उजेड आणि हवा. गाभाऱ्यात अंधार असतोच, मंडपही बंद केला तर लोक कुठे बसणार. अर्धी भिंत, वर आखूड खांब, मधे मोकळं, आणि कडेला पाठ असली की मागे तोल जाऊन कोणी पडत नाही.

मंजिरी_त: मत्तवारण म्हणतात ते हेच का? दोन्ही शब्द एकत्र वाचलेत.

सूत्रधार_नाना: हो, या तिरक्या पाठीला मत्तवारणही म्हणतात. फक्त नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायातली मत्तवारणी यात मिसळू नका. ती रंगपीठाच्या, म्हणजे नाटकाच्या रंगमंचाच्या, बाजूची, चार खांबांची, आणि ती नेमकी कशी होती यावर अभ्यासक अजून भांडतायत. तिच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं तर कक्षासन बाजूलाच राहील.

मंजिरी_त: काढते, तुम्ही या म्हणजे झालं.